आठल्यांची पिसं

शास्त्री नगरात आमच्या कोपऱ्यावर कोंबड्यांचं दुकान होतं. आठल्ये जन्माचे शाकाहारी, पण ऑफिसला जाताना रोज तिथे पाच मिनिटं थांबून कोंबड्यांचे पाय न्याहाळत. शेवटी दुकानदार वैतागला. "बाबूजी, लेना हो तो लो, वरना भीड़ मत करो." गर्दी म्हणजे एकटे आठल्येच होते, तरी त्याचं म्हणणं मला पटलं.

आठल्ये विमा कचेरीतले, मूळचे रत्नागिरीचे, आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. कोंबडीच्या पायाला सरड्यासारखे खवले आणि अंगाला पिसं, हे कसं, या प्रश्नानं त्यांना पछाडलं होतं. पक्षी डायनासोरांतूनच आले आणि त्यांतल्या काहींना पिसंही होती, हे त्यांचं ठाम मत. पिसं मुळी उडण्यासाठी नव्हतीच. "आधी ऊब, उडणं मागाहून," हे ते दूधवाल्या भैयालाही ऐकवत. आमेरच्या सहलीत आम्ही किल्ला बघत होतो तेव्हा हे तटाखाली मोरपिसं वेचत होते. गच्चीवरच्या कबुतराला तर ते अहोजाहो करत. घराणं जुनं आहे, म्हणायचे.

मी त्यांची मनसोक्त टिंगल करायचो. आज आमच्याकडे डायनासोरचं ऑम्लेट आहे, येता का, असं विचारायचो. ते हसायचे आणि अंड्याच्या कवचाविषयी सांगायला लागायचे. बऱ्याच वर्षांनी, चीनमध्ये अंगावर पिसांच्या खुणा असलेला डायनासोर सापडल्याचं पेपरात वाचलं आणि समोरचं ऑम्लेट मी तसंच बाजूला सारलं.

कारण घडलं होतं ते असं. आमच्या मराठी मंडळींच्या गणपतीत आठल्यांना या पिसांवर व्याख्यान द्यायचं होतं. कार्यक्रम ठरवणारा मी. लोक आरतीआधीच उठून जातील या भीतीनं मी फळ्यावर लिहिलं, 'विनोदी एकपात्री प्रयोग: श्री. आठल्ये.' त्यांना सांगितलं नाही.

ते कोट घालून, अकरा पानांचं टिपण घेऊन आले. सोबत वहिनी. वहिनींना अजिबात ऐकू यायचं नाही. ओठांवरून त्यांना एकट्या आठल्यांचं बोलणं कळायचं, म्हणून चार माणसांत त्या कधी येत नसत. त्या दिवशी मात्र पहिल्या रांगेत बसल्या.

कोंबडी ही डायनासोरची नातलग आहे, असं आठल्यांनी वाचलं आणि मांडव हसला. पुढच्या वाक्यालाही हसला. ते गोंधळले. इकडेतिकडे बघताना त्यांची नजर फळ्यावर गेली आणि चेहरा उतरला. मग त्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी मागे वळून हसणारी माणसं बघत होत्या आणि टाळ्या वाजवत होत्या. आठल्यांनी चष्मा पुसला आणि अकराच्या अकरा पानं वाचली, हशासाठी थांबत थांबत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माफी मागायला वर गेलो. वहिनींनी हातावर बेसनाचा लाडू ठेवला.

"भावजी, मला धास्ती होती, लोक कंटाळतील म्हणून. यांच्या बोलण्यावर एवढी माणसं खूश झालेली मी पहिल्यांदाच पाहिली. पुढच्या वर्षीही ठेवा हं."

आठल्ये त्यांच्या पाठीमागे उभे होते. तिथूनच हळू आवाजात मला म्हणाले, "माफीबिफी मागू नका. तुमचा चेहरा बघून ती विचारेल, काय झालं."

मग ते पुढे आले, वहिनींना ओठ नीट दिसतील असे उभे राहिले आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "काल कार्यक्रम फार रंगला. तुमच्यामुळे."

वहिनी माझ्याकडे कौतुकानं बघत होत्या. मी लाडू तोंडात घातला आणि मान हलवली.