दिनूकाकांची ढिली शिलाई

दिनूकाका हसताना हनुवटी धरतात. समोरचा विनोद सांगायला लागला की त्यांचा उजवा हात आधीच वर जातो, आणि विनोद संपेपर्यंत हनुवटीखाली पक्का बसलेला असतो. नव्या माणसाला वाटतं, काय लाजाळू गृहस्थ आहेत! खरी गोष्ट अशी की मोकळेपणी हसलं तर काकांचा जबडा निखळतो. एकदा एका लग्नाच्या पंगतीत तो निखळला आणि तोंड उघडंच राहिलं. वाढपी बिचारा सज्जन. पाहुणे वाट बघतायत असं समजून त्याने त्यात अख्खा रसगुल्ला ठेवला.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. बनारसात ब्रह्माघाटाच्या गल्लीत, आमच्या माहेरच्या घराला लागूनच एकटे राहतात. आयुष्यभर शाळेत भूमिती शिकवली. त्यांचं कोपर उलट्या बाजूला वळतं, त्यामुळे सरळ रेषा दाखवायला त्यांनी हात लांब केला की मुलं ओरडायची, "मास्टर साहब, रेखा टेढ़ी है!" काका म्हणायचे, "हाथ मत देखो, बोर्ड देखो." फळ्यावर मोठं वर्तुळ काढताना कधीकधी खांदाच निसटायचा. मग ते "एक मिनट" म्हणून भिंतीकडे तोंड करायचे, खट् असा आवाज व्हायचा आणि वर्तुळ पुढे सुरू. आपल्या शिकवण्यातलं तेवढंच मुलांच्या लक्षात राहिलं, असं ते स्वतःच सांगतात.

या सगळ्यावर त्यांचं एकच भाष्य असतं. "कपडा एकदम बनारसी आहे गं, शिलाई ढिली निघाली."

बनारसात राहून पान चावता येऊ नये, याचं मात्र त्यांना मनापासून दुःख आहे. कोपऱ्यावरचा पानवाला त्यांच्यासाठी पान खलबत्त्यात कुटतो. "मास्टर साहब का पान" म्हणजे हिरवी चटणी. ती बोटाने चाटत काका दुकानासमोर उभे असतात आणि देशाच्या राजकारणावर बोलतात, तेही तोंड फार न उघडता.

मी हे हसत हसत सांगते आहे, पण मीही त्याच शिंप्याकडून शिवून आले आहे.

लहानपणी पाहुणे आले की मला हाक पडायची, "मुक्ता, अंगठा दाखव." मी अंगठा वाकवून मनगटाला टेकवायची. टाळ्या पडायच्या. मग पाय मानेमागे. पुन्हा टाळ्या. तिशीजवळ आले तशा टाळ्या थांबल्या आणि दुखणं तेवढं उरलं. एकदा ई-रिक्षाला हात केला तर खांदा सटकला. रिक्षा निघून गेली, मीच थांबले. बाटलीचं झाकण फिरवायला गेले की झाकण जागच्या जागी आणि बोट फिरलेलं. डॉक्टरांकडे गेले तर एक्स-रेत सगळं व्यवस्थित. एक म्हणाले, "थोड़ा टहला कीजिए." दुसरे म्हणाले, "वहम है," म्हणजे सगळे मनाचे खेळ. माझे लग्नात निघाले नसतील इतके फोटो हाडांचे निघाले, आणि प्रत्येकात हाडं प्रसन्न दिसत होती.

मग राजाघाटावरचं ते योग शिबिर आलं. थंडीचे दिवस होते. शेजाऱ्यांनी आग्रह केला म्हणून काका गेले, आणि त्यांना सांभाळायला मी गेले. म्हणजे कुणी कुणाला सांभाळायचं हा प्रश्नच होता. शिकवणाऱ्या गुरुजींनी पाय उचलायला सांगितला. काकांनी तो सहज मानेमागे नेऊन ठेवला. गुरुजी थक्क.

"देखिए! इस उम्र में! इसको कहते हैं साधना!"

काकांनी जन्मात साधना केली नव्हती. पण इतकी वर्षं ज्या अंगाची टवाळी ऐकली त्याची कुणीतरी माइकवरून स्तुती करत होतं. ते फुलले. दुसरा पाय उचलायला गेले आणि गुडघ्याची वाटी बाजूला सरकली.

एरवी ते स्वतःच बसवतात, पण या वेळी ती बसेना. शेवटी चार मल्लाहांनी नावेतली फळी आणली, काकांना तिच्यावर आडवं केलं, गारठा म्हणून वरून गळ्यापर्यंत शाल घातली आणि खांद्यावर घेऊन पायऱ्या चढायला सुरुवात केली. मी मागून काकांच्या चपला घेऊन चालत होते.

गल्लीत शिरलो तसे लोक भिंतीला चिकटून उभे राहायला लागले. कुणी हात जोडले, कुणी डोक्यावरची टोपी काढली. एका म्हाताऱ्या बाईने डोळे मिटून "राम राम" म्हटलं. एवढ्यात एक कचोरीवाला झारा हातात धरून बाहेर आला आणि गोंधळून म्हणाला, "अरे, ई लोग तो उल्टा जा रहे हैं! घाट तो उधर है!"

काकांनी शालीतून मान वर केली. "वहाँ से लौटा दिया, भइया. बोले, सिलाई ठीक कराके लाओ."

कचोरीवाल्याच्या हातून झारा पडला. मल्लाह इतके हसले की फळी कलली, आणि काका एका हाताने फळी, एका हाताने हनुवटी धरून दवाखान्यात पोहोचले.

तिथे एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी वाटी बसवली. मग काकांच्या हाताच्या मऊ कातडीकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "अंगूठा पीछे कीजिए." काकांनी केला. मागे उभ्या असलेल्या मीही, लहानपणच्या सवयीने, केला. बाईंनी आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं.

"आप दोनों बैठिए."

मग त्यांनी समजावून सांगितलं. सांध्यांना बांधून ठेवणारी शरीरातली जी वीण असते ती आमची जन्मापासून सैल आहे. ती घराण्यातून येते. मुळातून बरी होत नाही, पण रोज नेमका व्यायाम करून स्नायू बळकट केले तर सांधे बरेचसे जागेवर राहतात. "और ये अंगूठे-वंगूठे का तमाशा आज से बंद."

"तो वहम नहीं है?" काकांनी विचारलं.

"बिल्कुल नहीं."

त्यावर काकांनी विनोदसुद्धा केला नाही. घरी परतताना सायकल-रिक्षात फक्त एकदा माझ्या हातावर हात ठेवला आणि काढून घेतला.

पुढच्या वर्षी मला मुलगी झाली. बाळंतपणाला माहेरी आले होते. गरोदरपणात सांधे आणखी सैल झालेले. दवाखान्यात तिला पहिल्यांदा उचलताना माझं मनगट सटकलं. नर्सने वेळेवर झेललं, पण तेव्हापासून मी तिला उचलेचना. आई तिला माझ्या कुशीत आणून ठेवायची, मी आडवी पडून पाजायची. कुणी विचारलं तर म्हणायची, कंबर दुखते.

"अगं, सगळ्या बाया उचलतात," आई म्हणायची. "आपल्याच लेकराची कसली भीती?"

एका दुपारी काका आले. पाळण्याशी उभे राहिले. मुलगी चुळबुळत होती. मी आईला हाक मारणार, तेवढ्यात ते म्हणाले, "तू नाही उचलत?"

"कंबर जरा..."

"मुक्ते, मला नको सांगूस."

त्यांनी गादी ओढून जमिनीवर घातली. भिंतीला उशी टेकवली, दोन्ही बाजूंना लोड लावले. "बैस इथे. मनगटावर भार घ्यायचा नाही. कोपरापासून पुढचा हात सगळा मांडीवर टेकव. डोकं लोडाच्या बाजूला. आता हात निसटला तरी ती गादीवरच राहील."

"तुम्हाला कसं माहीत? तुम्ही तर कुणाचंच मूल घेत नाही."

हे आमच्या घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं. काकांना लहान मुलांची किळस येते.

"तू झालीस तेव्हा वहिनींनी तुला माझ्यापुढे धरलं. मी म्हटलं, नको, इस्त्रीचा पायजमा आहे." काका पाळण्याकडे बघत होते. "सगळे हसले. मग घरी जाऊन उशी घेऊन बसलो. बघत होतो, कसं धरलं तर पडणार नाही. नंतर तुझा भाऊ झाला. मग शेजारची पोरं. मनातल्या मनात सगळी उचलली आहेत मी."

मी खाली बसले. त्यांनी सांगितलं तसे हात टेकवले. आईला बोलावून मुलीला मांडीवर ठेवून घेतलं. काही निसटलं नाही. ती चुळबुळ करून शांत झाली. आई चहा करायला गेली.

"काका, आता तुम्ही बसा."

"छे, छे. मी कशाला..."

"मी खालून हात देते."

ते खूप वेळ उभेच राहिले. मग चष्मा काढून खिशात ठेवला, हळूच माझ्या शेजारी टेकले, आणि मी मुलीला सरकवत त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांच्या हातांखाली माझे हात. तिने डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं, एक जांभई दिली आणि परत झोपली.

आईने चहा आणून ठेवला. तो तसाच गार होत गेला. आमचे चारही हात कामात होते.