आपल्या बाया

भडगावहून धुळ्याला निघालेल्या बसमध्ये सुगराबींनी खिडकी लावली आणि शेजारच्या पुष्पाबाईंनी ती उघडायला सांगितली. भांडण एवढंच होतं. सुगराबींचा कान ठणकत होता आणि पुष्पाबाईंना बस लागत होती.

"माले वारा लागस वं बाई," सुगराबी म्हणाल्या.

"मंग तुन्हा आंगवर वकू का?" पुष्पाबाईंनी विचारलं.

पुढच्या सीटवरचे प्रेमराजभाऊ वळले. त्यांचा कानही दुखत नव्हता आणि त्यांना बसही लागत नव्हती. "आपल्या बायांनी किती दिवस ऐकून घ्यायचं?" ते म्हणाले.

"आपल्या म्हणजे कोणाच्या?" मागून दानिशनं विचारलं. "चाचींना एकटं समजू नका."

झालं. गिरणेचा पूल मागे पडेपर्यंत बसचे दोन तट पडले. ज्यांना ती खिडकी दिसतही नव्हती, ते शेजाऱ्याला आडनाव विचारू लागले. एका दाढीवाल्याला दोन्ही बाजूंनी दटावलं. त्याची दाढी नवसाची होती, पण ऐकायला वेळ कोणाला? मोबाइल वर झाले. इतिहास निघाला, देशाचं भवितव्य निघालं. खिडकीला मात्र कोणी हात लावला नाही.

पुष्पाबाईंचं डोकं फिरलं. "आरे, माले कोनी इचारं का?"

"तुम्ही शांत बसा, आम्ही आहोत ना," प्रेमराजभाऊ म्हणाले. दानिशनं सुगराबींनाही हेच सांगितलं.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि जागा बदलल्या. पुष्पाबाईंनी खिडकी उघडली आणि आपला रुमाल सुगराबींच्या कानावर घट्ट बांधून दिला. कोणाच्या ते लक्षातही आलं नाही. "गाडी पोलीस चौकीवर घ्या," असा ओरडा चालला होता. ड्रायव्हर तोतारामनं मुकाट्यानं घेतली. सगळे पुरुष तावातावानं उतरून आत गेले.

"भांडण कोणाचं?" हवालदारानं विचारलं.

"दोन बायांचं."

"नावं सांगा."

नावं कोणालाच माहीत नव्हती.

इकडे बसमध्ये पुष्पाबाई म्हणाल्या, "तोतारामभाऊ, मनी पोर बायतपनले दवाखानामा शे. ह्या अक्काले कान दखाडना शे. ह्या बठ्ठा मानसंस्नं भांडन सरावं नही. तू काढ गाडी."

तोतारामनं काढली.

बायांना बोलवायला मंडळी बाहेर आली तेव्हा रस्ता रिकामा होता. पिशव्यांसकट बस गेली होती. सगळे पुन्हा आत गेले आणि ड्रायव्हरविरुद्ध तक्रार सांगू लागले. एकाचंही दुमत नव्हतं.

"हे ड्रायव्हर लोक माजलेत," प्रेमराजभाऊ म्हणाले.

"सगळे सारखेच," दानिशनं मान डोलावली आणि त्यांना बसायला बाकावर जागा करून दिली.