खोडमाशीच्या आकड्यांस धनी मिळाला त्याची हकिगत

शके १९१५, श्रीमुखनाम संवत्सरे, कार्तिक मासी, मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा निवाडा अद्याप व्हावयाचा होता ते समयी, परभणी प्रांती एका कृषी महाविद्यालयात जी मोहीम जाहली तिची हकिगत यथामति लिहिली जाते. वाचणारांनी भरवसा न ठेविता आकडे ताडून पाहावे.

मनकर्णाबाई पालमकर यांनी एम.एस्सी.च्या प्रबंधाचा मुलूख मारीत आणिला होता, आणि विषय ज्वारीवरील खोडमाशी व तिने केलेली उत्पन्नाची लूट हा होता. परंतु निम्मे आकडे बाईंचे नव्हते. ते भुजंगराव झरीकर यांचे. या वीराने आपल्या शिक्षणाचे काळी तीन खरीप वाफ्यावाफ्यांत ओणवे राहोन माशीने मारिलेले कोंब मोजिले, उरलेले उत्पन्न मापिले, आणि ते आकडे एका फ्लॉपीत ठेवोन पदवी घेतली, आणि मग विद्येचे चीज होऊन पाथरीस दुकानी बियाणे तोलीत बसले. आता संशोधन सहायकाच्या जागेसाठी त्यांस मुलाखतीचे बोलावणे आले, आणि तुमचे आकडे कोणी नावानिशी छापिले असल्यास पुरावा आणावा, ऐसा हुकूम जाहला. ते खुद्द एसटीने येऊन संगणक-महालाच्या दारी उभे राहिले, आणि म्हणाले, "ताई, नाव न्हाई आलं तर जन्मभर तराजूच धरायचाय मला."

महाल थंडगार. तेथे तमाम विद्वान चपला बाहेर काढीत, यंत्रास दुरून नमस्कार करीत, आणि घाम वाळला की परत जात. बाईंनी संदर्भसूचीचा प्रोग्राम उघडिला. त्याने पुसिले, ग्रंथ, लेख की प्रबंध? आकडे कोणी गोळा करितो ही खबर प्रोग्राम लिहिणारांस नव्हती. सबब बाईंनी 'इतर' नामे ओसाड ठाणे काबीज केले. मग लेखकाचा रकाना आडवा आला, आणि तो भरल्यावाचून पुढे वाट देईना.

बाईंचे मार्गदर्शक प्रोफेसर रंगनाथराव साहेब यांनी पाठीमागे उभे राहोन फर्माविले की, ज्वारी सरकारची, माशी देवाची, सबब आकड्यांस धनी नाही, रकाना रिकामा ठेवावा. यंत्र हा हुकूम मानीत नाही ऐसे अर्ज होताच दुसरे फर्मान सुटले की, तर मग आमचे नाव घालावे, कारण वाफे आमच्या देखरेखीखाली होते.

आता देखरेखीचा मजकूर ऐसा. तिसऱ्या साली कणसे भरली असता साहेबांची म्हैस दावे तोडोन भर दुपारी सातव्या वाफ्यात शिरली, आणि सारे उत्पन्न खाऊन तेथेच रवंथ करीत बसली. भुजंगरावांनी अंदाजाचा आकडा न घालिता जागा कोरी सोडिली. त्याचे कारण सर्व महाविद्यालयास ठाऊक होते, आणि म्हणोनच कोणी बोलत नसे.

बाईंनी बोटे कळफलकावर ठेविली, आणि अति नम्रपणे म्हणाल्या, "सर, टाकते तुमचंच नाव. पण बाहेरचे परीक्षक लय बारकाईनं बघतात. सातव्या वाफ्याचं उत्पन्न कुठं गेलं, हे ज्याचं नाव त्यालाच विचारतील."

साहेबांनी वातानुकूलन यंत्राची कळ उगाच फिरवोन पाहिली. मग म्हणाले, "भुजंगाचेच आकडे हायत ते. मी कधी न्हाई म्हणालो?"

मग नाव, साल, आकड्यांचा मथळा, फ्लॉपीची शेवटली दुरुस्त प्रत आणि ती कोठे ठेविली तो ठिकाणा, ऐसे सर्व यथास्थित दाखल जाहले, आणि प्रिंटरने नगाऱ्यापरी आवाज करीत कागद बाहेर टाकिला. भुजंगराव तो घेऊन मुलाखतीस गेले, आणि महिन्याभरात पाथरीचे तराजूवर दुसरा पदवीधर बसला.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. सातव्या वाफ्याखाली 'जनावराने खाल्ले' इतकीच टीप छापिली. जनावर कोणाचे ते लिहावे, तर पुरावा केव्हाच पचला होता.