दहा बारांत शून्य फरक

या मंडळी, पुढे सरका. भिंतीला टेकलेल्यांनीही यावं, जागा आहे. एका सज्जन माणसाने एक निर्दोष यंत्र आणखी निर्दोष कसं केलं, त्याची कथा सांगतो. चित्त इकडे द्या, मोबाइल तिकडे ठेवा.

दक्षिण ऑस्ट्रेलियात, मून्टा गावाबाहेरच्या बंद पडलेल्या तांब्याच्या खाणीवर दर रविवारी पेंटबॉलचा खेळ रंगे. पिंपांच्या आणि टायरांच्या आडून एकमेकांवर रंग भरलेली गोळी झाडायची. अंगावर फुटली की हात वर करून मुकाट बाहेर. झाडायच्या यंत्राला मार्कर म्हणायचं. चुकून 'बंदूक' म्हणणाऱ्याला जागच्या जागी दहा जोर काढावे लागत, मग तो गावचा डॉक्टर का असेना.

डेन्झिल ट्रेवार्था हा तिथल्या क्लबाचा अकरा वर्षांचा राखीव खेळाडू. म्हणजे अकरा वर्षं तो बाकावर बसून इतरांच्या गरम पॅस्ट्यांवरच्या, म्हणजे मांस भरलेल्या मोठ्या करंज्यांवरच्या, माश्या वारत होता. दरवर्षी कडीना गावाशी पाच-पाच जणांचा सामना होई. जिंकेल त्याला वर्षभर रविवारचं मैदान, हरेल त्याला मंगळवार. आणि मंगळवारी कामधंदा सोडून खेळायला येतो कोण? त्या पाचांत एकदा उभं राहायला मिळावं, एवढंच डेन्झिलचं देवाकडे मागणं होतं.

यंदा देवाने ऐकलं, सचिव रसेल पेन्गिली यांच्या मार्फत. त्यांनी ठराव मांडला की यापुढे निवड खेळाडूच्या नव्हे, मार्करच्या गुणांवर होईल. "माणसात कमीजास्त असतं," ते म्हणाले, "यंत्र मोजता येतं." वेगमापकासमोर दहा बार काढायचे. वेग सेकंदाला दोनशे ऐंशी फुटांच्या वर नको आणि दहा बारांत आठ फुटांहून अधिक फरक नको. ठराव शहाणपणाचाच होता. दर बाराला वेग बदलू लागला तर नेम धरायचा कशाच्या भरवशावर?

डेन्झिलचा मार्कर विजेवर आणि दाबलेल्या हवेवर चालणारा. चाप ओढला की आतली चिमुकली झडप निमिषभर उघडते आणि हवा गोळीला ढकलते. हवेचा दाब किती, झडप उघडी किती वेळ, या दोन गोष्टींत सगळी साधना. त्याने रबरी कड्या बदलल्या, वंगण बदललं, हजार गोळ्या एका छिद्रातून घालून एकाच मापाच्या वेचल्या. फरक पाचावर आला. क्लबाच्या समितीने मर्यादा पाचावर आणली. तो तीनावर पोचला. समितीही मागोमाग पोचली.

त्याची मावशी ईनिड पेन्बर्थी मात्र बाविसावरच होती. वय बहात्तर, हातातला मार्कर दर बाराला मागे ओढून भरायचा, जुना. गेल्या नऊ सामन्यांत कडीनाची निम्मी माणसं तिनेच रंगवली होती.

"मावशी, तुझे बार एकसारखे नाहीत गं," डेन्झिल म्हणाला.

"कडीनाचे लोक तरी कुठे एकसारखे उभे राहतात, सोन्या?"

नियमानुसार तिचं नाव कापलं गेलं आणि रिकाम्या जागी डेन्झिलचं आलं. त्याला आनंद आणि लाज एकदमच झाली. आनंद जरा जास्त.

पुढच्या बैठकीत कार्यक्षमता हा विषय निघाला. एका भरलेल्या टाकीत किती बार निघतात? डेन्झिलने दाब उतरवला, झडपेचा वेळ कापला. बाराशे निघाले, मग पंधराशे, मग दोन हजार. वेग उतरत होता खरा, पण नियमात वेगाला वरची मर्यादा होती. खालची कुणी लिहिलीच नव्हती. वेग शंभर फुटांवर आला तेव्हा तर गोळी फुटेनाशी झाली. समोरच्याच्या पोटावर आपटून ती जमिनीवर घरंगळे. समितीने 'गोळीचा पुनर्वापर' असा नवा रकाना काढून दोन गुण वाढवून दिले.

शनिवारी अंतिम तपासणी झाली. डेन्झिलने दाबाचा स्क्रू शेवटपर्यंत फिरवून दाब पार बंद केला आणि दहा वेळा चाप ओढला. दहाही वेळा आतून आवाज आला, टिक.

रसेल यांनी चष्मा पुसला. "शून्य. शून्य. दहाही शून्य. हवा किती गेली?"

"काटा हलला नाही."

"दोनशे ऐंशीच्या आत आहे ना?"

"चांगलाच आत आहे."

"डेन्झिल," रसेल यांनी उठून त्याचा हात हातात घेतला, "अकरा वर्षं आम्ही तुला ओळखलंच नाही रे."

उरलेल्या चौघांनी तिथेच रांग लावून आपापले मार्कर त्याच्याकडून तसेच लावून घेतले. मागच्या बाकावरून ईनिडने हात वर केला.

"एक विचारते. कडीनावाल्यांना गोळी लागणार कशी?"

"लागणं समोरच्यावर अवलंबून असतं, ईनिड," रसेल शांतपणे म्हणाले, "आणि समोरचा आपल्या क्लबाचा सभासद नाही. त्याचं मोजमाप आपण कोणत्या अधिकारात करायचं?"

इतिवृत्तात नोंद झाली : एका सभासदाने अवांतर प्रश्न विचारला.

रविवारी सामना झाला. कडीनाने कसलाच ठराव केला नव्हता, त्यामुळे चार मिनिटांत आपले चौघे रंगून बाहेर आले. उरला डेन्झिल, एका पिंपामागे. एवढ्यात कडीनाच्या दांडग्या गॅरथच्या गोळ्या संपल्या. दहा पावलांवर पाठ करून तो पिशवीतून नव्या भरू लागला. दारासारखी पाठ. अकरा वर्षं डेन्झिलच्या बोटात उतरली. त्याने चाप ओढला.

टिक.

पुन्हा ओढला. टिक. पहिल्यासारखाच, केसाचा फरक नाही.

खिशात षटकोनी किल्ली होती. दोन वळसे दिले असते तर दाब आला असता. पण किल्ली लागली की प्रमाणपत्र रद्द.

"रसेल," तो पिंपामागून ओरडला, "दोन वळसे दिले तर चालेल?"

रसेल यांनी दोरीपलीकडे फाइल उघडली. "चालेल की. मात्र नव्याने दहा बार काढावे लागतील. अर्ज दोन प्रतींत."

"अरे फिरव ना गधड्या," ईनिड म्हणाली, "तो भरतोय अजून."

डेन्झिलने किल्ली स्क्रूला लावली. डोळ्यांपुढे ती दहा शून्यं उभी राहिली, ओळीने, एकसारखी. आयुष्यात त्याचं दुसरं काहीच इतकं नेटकं झालं नव्हतं. त्याने किल्ली खिशात ठेवली.

गॅरथ वळला. "झालं का दादा तुमचं?" त्याने अदबीने विचारलं.

"झालं."

फट्ट.

अहवाल मात्र देखणा झाला. पाचही खेळाडू भरल्या टाकीनिशी परतले. कार्यक्षमता शंभर टक्के. मैदान गेलं. डेन्झिलला ढाल मिळाली. आता तो मंगळवारी एकटाच खाणीवर जातो, तिथे राखीव खेळाडूही नसतो.

हसलात? हसा, हसण्यासारखंच आहे. पण फरक आठावरून पाचावर आला, तेव्हा मान कोणी डोलावली? तीनावर आला, तेव्हा मघाशी इथूनच कुणी 'वा' म्हणालं. आणि त्या बाईचं नाव कापलं, तेव्हा 'नियमच आहे तर काय करणार' असं मनात म्हणून आपण सगळेच पुढचं ऐकायला सावरून बसलो. रसेल यांच्या समितीत आपण नव्हतो, एवढंच.

तेव्हा उद्या कामावर जाल, मागच्या बाकावरून एखादं माणूस हात वर करील, आणि तुमची लेखणी 'अवांतर' लिहायला झुकेल. त्या वेळी क्षणभर थांबून ईनिड पेन्बर्थीची आठवण काढा.