भिंतीवरची शकुनबाई

"मामाजी, तुमची भिंत कितीही मोठी असू द्या, मामीले जशीच्या तशी उतरवून देतो," असं प्रफुल्लनं छातीवर हात ठेवून सांगितलं, तेव्हा भैय्यालालचा जीव भांड्यात पडला.

प्रफुल्ल त्याचा भाचा. तुमसरला त्याचं बॅनरचं दुकान होतं आणि भिंतीवर थेट चित्र छापणारं नवंकोरं मशीन त्यानं नुकतंच आणलं होतं. भैय्यालालला मशीनचं काही अप्रूप नव्हतं. त्याची बायको शकुनबाई सुनेच्या बाळंतपणाला म्हणून पुण्याला मुलाकडे, अमरकडे गेली, ती तिकडेच अडकली. नातू बसायला लागला, चालायला लागला, आजीला हाका मारायला लागला, तरी आजी काही गावी सिहोऱ्याला परतली नव्हती. रोज फोन व्हायचा. भैय्यालाल म्हशीचं सांगायचा, पावसाचं सांगायचा, धानाच्या लावणीचा रोवणा कुठवर आला ते सांगायचा. "तू कधी येशील?" एवढंच तेवढं विचारायचं राहून जायचं. शेवटी घराच्या दर्शनी भिंतीवर तिचा फोटोच छापून घ्यायचं त्याच्या मनानं घेतलं.

फोटोही रोवण्यातलाच होता. शकुनबाई धानाच्या बांधीत, गुडघाभर चिखलात उभी, हातात पऱ्ह्यांची, कोवळ्या रोपांची जुडी, आणि भैय्यालालनं मोबाइल उलटा धरलाय म्हणून खदखदून हसतेय.

दुकानात कम्प्युटरवर ती वीतभर दिसली, तसं भैय्यालालचं तोंड उतरलं.

"एवढीशीच? भिंत घराची आहे गा, माचिसची नाही."

"लहान करूनच बनवा लागते मामाजी. भिंतीएवढी फाइल उघडली तर कम्प्युटर बसून जाते. म्हणून दहावा हिस्सा बनवतो. छापताना मशीन दहापट करते."

"त्यात तुया मामीले काही होत नाही ना?"

"काय होईल?" प्रफुल्ल हसला.

काय व्हायचं ते भिंतीवर झालं. चित्र दहापट लहान करायचं, तर त्यातला बारकावाही तितकाच दाटून भरावा लागतो, हे प्रफुल्ल विसरला. मशीननं बिचाऱ्यानं जे होतं तेच ताणलं. छपाई संपली आणि भैय्यालाल मोठ्या आशेनं भिंतीसमोर उभा राहिला, तर बायको कुठेच नाही. नुसते चौकोन. डोळ्यांच्या जागी तपकिरी, दातांच्या जागी पांढरे, साडीच्या जागी हिरवे.

शेजारचा परसराम येऊन भिंतीवरून हात फिरवत म्हणाला, "टाइल्स मस्त बसवल्या. मिस्त्री कोणता?"

प्रफुल्लनं मशीन गाडीत घातलं, उद्या येतो म्हणाला, आणि उद्यापासून फोन उचलेनासा झाला.

भैय्यालालला त्या भिंतीकडे पाहवेना. तो रस्ता ओलांडून समोरच्या मंदाबाईच्या सपरीत, ओसरीवर जाऊन बसला. मंदाबाई एकटीच राहणारी विधवा बाई. ती सुपात तांदूळ पाखडत होती. पाखडता पाखडता तिनं मान वर केली.

"भाऊजी, शकुन कशी हासून राहिली पाहा."

भैय्यालालनं वळून पाहिलं. इतक्या लांबून सगळे चौकोन एकमेकांत मिसळले होते, आणि बांधीत उभी शकुनबाई त्यालाच हसत होती. तो धावत रस्ता ओलांडून गेला, तर पुन्हा टाइल्स. परत आला, तर शकुनबाई. जवळ गेलं की ती जायची, दूर गेलं की यायची.

मग भैय्यालाल चहाला तिथं बसू लागला. चहा झाला की उठावंसं वाटेना. पाठ दुखायला लागली तेव्हा त्यानं आपली खाटच सपरीत आणून टाकली. मंदाबाईलाही बोलायला कोणीतरी हवंच होतं.

परसरामनं हे पाहिलं आणि अमरला फोन लावला. "तुये बाबा मंदाबाईच्या घरी खाट टाकून राहिले बाप्पा. बाकी मले काही माहीत नाही."

मिळाली त्या गाडीनं शकुनबाई आली. ऑटोतून उतरली तेव्हा भरदुपार होती, भैय्यालाल खाटेवर लवंडलेला होता आणि मंदाबाई त्याच्या हातात कप देत होती.

"वा," शकुनबाई म्हणाली. "आपलं घर पडलं काय, म्हणून इथं राहाले आले?"

भैय्यालाल उठून बसला.

"तू इथूनच दिसते," तो म्हणाला.

"मी पुण्याले होती."

"तेच तं." त्यानं बोट दाखवलं.

शकुनबाई वळली. हातातली पिशवी हळूहळू खाली टेकली.

"रोज पाहता?"

"सकाळी ऊन डोळ्यावर येते. दुपारून चांगली दिसते."

ती खाटेच्या पायथ्याशी बसली. मंदाबाई आणखी एक कप आणायला आत गेली.

"फोनवर कधी म्हटलं नाही तुमी, ये म्हणून."

"तू म्हशीचंच विचारे."

"मंग काय विचारू? मले वाटे, आज तरी तुमी म्हणाल."

शकुनबाई आल्याचं कळल्यावर प्रफुल्ल मान खाली घालून हजर झाला. "मामाजी, चूक झाली. पुन्हा छापून देतो. या वेळी नाक लावून पाहिलं तरी मामीच दिसेल."

भैय्यालालनं दाराकडे पाहिलं आणि आवाज बारीक केला. "आता नको. तुयी मामी परत गेली का मंग करजो."

आतलं लाटणं थांबलं. पिठाच्या हातानं शकुनबाई दारात आली.

"कोण जाऊन राहिलं?"

प्रफुल्ल मामाकडे पाहू लागला.

"अमरले सांगतलं मी. पोराले पाहाले बाई ठेव, अन् दिवाळीले तुमीच इकडे या." मग ती प्रफुल्लकडे वळली. "तू या भिंतीले चुना मार. एका घरात दोन दोन शकुनबाई कायले?"

भैय्यालाल रस्ता ओलांडून गेला. खाट आणायला गेला असेल, असं दोघांना वाटलं. पण तो खाटेवर बसूनच राहिला. तिथून त्याला भिंतीवर एक शकुनबाई हसताना दिसत होती, आणि दारात दुसरी, पिठाचा हात हलवून त्याला बोलावत होती.

"प्रफुल्ल," तो तिथूनच ओरडला, "चुना उद्या मार."