सुभेदाराचे व्याही

"बाबा, आज तरी कुणाला मारू नका," दासोलने तिसऱ्यांदा बजावलं.

"अगं, मी कुठं मारतो? मी नुसता हुकूम देतो," मिशा चिकटवता चिकटवता ब्योंगहो म्हणाले.

"दासोलचे बाबा, एक वाजता पाहुणे येणारेत," त्यांच्या बायकोने, योनजाने, आठवण करून दिली. "मुलाचा बाप मास्तर माणूस आहे. तुमचं हे सोंग त्यांना कळता कामा नये."

ब्योंगहोंची कोरियातल्या नामवोनच्या बाजारात माशांच्या रश्श्याची खाणावळ होती. स्वभाव असा गरीब, की गिऱ्हाइकाने मीठ कमी आहे म्हटलं तर हे काल जास्त झालं असेल त्याचीही माफी मागत. पण मे महिन्यात शहराची जुनी प्रेमकथा उत्सवात रंगली, की नायिकेला छळणारा दुष्ट सुभेदार व्हायचा मान अकरा वर्षं त्यांचाच. घरात त्यांचं मांजरही ऐकत नसे. उत्सवात मात्र एका हाकेसरशी वीस शिपाई धावत. हे सुख एका वर्षासाठीही सोडणं त्यांच्या जिवावर आलं होतं. अकरा ते साडेअकरा काम उरकायचं, मिशा काढायच्या आणि सूट घालून व्याह्यांसमोर बसायचं, असा बेत ठरला.

बेत चांगलाच होता. फक्त रस्त्यात गर्दी लागेल या धास्तीने ग्वाक मास्तर देगूहून पहाटेच निघाले आणि दहालाच येऊन पोचले. आता तीन तास करायचं काय? तर ते बायको आणि मुलगा जिनउक यांच्यासह उत्सव बघायला आले.

सुभेदाराची स्वारी चौकात आली. घोड्यावरून उतरताना ब्योंगहोंचा पाय झग्यात अडकला आणि ते शिपायाच्या गळ्यात पडले. गर्दीतला एक गृहस्थ खो खो हसला. गिर्यारोहणाचे कपडे, काळा चष्मा, डोळ्यांपर्यंत ओढलेली टोपी. दरसाल एखादा प्रेक्षक धरून त्याला खोटे फटके द्यायची रीतच होती. आयता गुन्हेगार मिळाला!

"सुभेदाराला हसतोस? धरा रे त्याला!" ब्योंगहो गरजले. "दहा फटके!"

बाजारातला सायकलवाला दोंगचुल शिपायाच्या वेशात होता. त्याने गृहस्थाला बाकावर पालथं घातलं आणि लाकडी फळी उचलली. लोक मोजू लागले. एक! दोन! पाचव्याला टोपी उडाली, सहाव्याला चष्मा.

"अहो, सोडा! ते माझे बाबा आहेत!" गर्दीतून वाट काढत जिनउक ओरडला. त्याच्या फोनवरून नुकतीच धावत आलेली दासोल शेजारी उभी होती, दोन्ही हातांनी तोंड झाकून.

लेकीचं लग्न, दोन वर्षांचं तिचं प्रेम, सगळं त्या बाकावर पालथं पडलं होतं. ब्योंगहो धावत बाकापाशी आले आणि कमरेत वाकले.

"व्याहीसाहेब, मी दासोलचा बाप. माझं चुकलं!"

मास्तर धडपडत उठले. समोर मुलीचा बाप वाकलाय म्हटल्यावर संस्कार गप्प बसू देईनात. ते त्याहून खाली वाकले. मुलीच्या बापाने मागे कसं राहायचं? ब्योंगहोंनी गुडघे टेकले. मास्तरांनीही टेकले. लोकांना वाटलं, यंदा नवा विनोद बसवलाय. टाळ्यांचा कडकडाट झाला. तेवढ्यात "राजाचे गुप्त अधिकारी आले!" अशी ललकारी देत कथेचा नायक घुसला आणि बघतो तो काय, ज्याला शिक्षा करायची तो सुभेदार कैद्यापुढे जमिनीला कपाळ लावून बसलाय. बिचारा तलवार हातात घेऊन, "आता मी काय करू?" असं दोंगचुललाच विचारू लागला.

एक वाजता खाणावळीच्या आतल्या खोलीत दोन्ही घरं समोरासमोर बसली. रश्श्याच्या वाफेशिवाय काही हलत नव्हतं. दासोलचे डोळे सुजले होते.

"एक विचारू?" मास्तर म्हणाले. "शिक्षा कशाबद्दल होती?"

"तुम्ही... हसलात म्हणून," ब्योंगहो पुटपुटले.

"बाबा हसले?" जिनउकचा घास हातातच राहिला.

"मोठ्यानं," ग्वाकबाई म्हणाल्या. "निवृत्त झाल्यापासून हे नुसते भिंतीकडं बघत बसायचे. आज दोन वर्षांनी हसले. मी तर फोटोच काढून ठेवला."

मास्तरांनी रश्श्याचा वाडगा बाजूला सारला. मग म्हणाले, "लग्न याच शरदात उरकू. माझी एक अट आहे."

ब्योंगहोंच्या मनात आलं, सूड म्हणून सुभेदाराची भूमिका सोडायला सांगतात की काय? त्यांनी लेकीकडे पाहिलं. "मंजूर," ते म्हणाले, आणि मनातल्या मनात अकरा वर्षांची मिशी उतरवली.

"पुढच्या वर्षी मला पुन्हा तिथंच पालथं घाला. सहाच झाले. चार राहिलेत."

योनजा खुदकन हसली. दासोल रडता रडता हसू लागली. ब्योंगहोंनी दोन्ही हातांनी व्याह्यांचा पेला भरला.

"चालेल ना हो?" मास्तरांनी बायकोला विचारलं.

"न चालायला काय झालं?" ग्वाकबाईंनी शांतपणे बाही वर सारली. "मात्र त्या सायकलवाल्याला तेवढा रजेवर पाठवा. फळी मी धरणार."