घडी नाय, वळण

देवरेभाऊ कशाचीच घडी घालत नसत. रुमाल पेन्सिलीला गुंडाळलेला, पगाराची पावती सुरळी करून खिशात. माझ्या लग्नाची पत्रिका हातात दिली तर म्हणाले, "मधोमध मोडलीस की रे." आशीर्वाद राहिला बाजूलाच.

सातपूरच्या आमच्या छोट्या कारखान्यात तेव्हा परदेशातल्या एका प्रयोगशाळेसाठी चपट्या वायरी व्हायच्या. डोळ्यांना न दिसणारे कण टिपायला तिथं सिलिकॉनच्या चकत्या लावत. त्यांच्यावरचा संदेश बाहेर आणायला या पट्ट्या: पिवळ्या प्लॅस्टिकवर तांब्याच्या रेघा, जाडी कांद्याच्या पापुद्र्याएवढी. वाकवली तर चालते, घडी पडली की आतली रेघ तुटते, आणि वरून काही कळत नाही. तपासायला देवरेभाऊ, हाताखाली मी. मालकांनी पट्टी उचलली तरी भिंगातून मान वर न करता म्हणत, "घडी नाय. वळण द्या."

नापास पट्ट्या मात्र मागून घेऊन घरी न्यायचे. "एकच रेघ गेलीय. बाकीच्या लय चांगल्या हायेत."

एकदा प्रयोगशाळेनं कळवलं, पट्ट्या जोडायला तुमचा माणूस महिनाभर पाठवा. देवरेभाऊंशिवाय दुसरं कोण? पण ते म्हणाले, "नाय जमायचं." कारण विचारलं तर पुन्हा भिंगात डोकं. मालकांनी मला त्यांच्या घरी पिटाळलं. मी चिडूनच गेलो. विमानात बसवतोय आणि हा गडी नवरदेवासारखा रुसून बसलाय!

घरात ते आणि थोरली बहीण, दोघंच. लकव्यानं आक्काची वाचा गेलेली, एक हात तेवढा चालायचा. भाऊ चहा ओतत होते तेवढ्यात चुलीपाशी घंटा वाजली. ते किटली ठेवून आत गेले, मी मागोमाग. आक्काच्या हाताशी बटण होतं. तिथून चादरीखालून, भिंतीच्या कडेनं थेट घंटेपर्यंत आमच्याच नापास पट्ट्या, एकीला एक जोडलेल्या. कोपऱ्यांवर सुरेख वळणं.

"साधी वायर पाठीला टोचायची तिच्या," भाऊ म्हणाले.

आक्कानं त्यांच्याकडे पाहिलं, हसली आणि डोळे मिटले.

"काय हवं होतं त्यांना?"

"काय नाय. मी हाय का, ते बघती. दिवसा शेजारीण बसती. सांजेला मीच लागतो."

माझा राग कुठल्या कुठे गेला. लाजच वाटली. म्हटलं, "भाऊ, मालकांना मी सांगतो. मीच जाईन."

त्यांनी माझ्या कपात आणखी चहा ओतला. तेवढ्यात घंटा पुन्हा वाजली. ते आत डोकावून आले.

"आता काय?"

"पाव्हणा गेला का, ते बघती," भाऊ म्हणाले. "कोन येत नाय ना आमच्याकडं. बस अजून जरा."